कॅपस्टोन म्हणजे नक्की कुठला दगड? (आणि आमच्या विहिरीच्या माथ्याचे दगड)

गिरणाकाठ :
नमस्कार मंडळी. माझी पुतणी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा 'कॅपस्टोन प्रोजेक्ट' चालू आहे. परवा जेवताना तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने विचारलं की हे कॅपस्टोन काय असतं गं, तर पुतणी म्हणाली शेवटचा मोठा प्रोजेक्ट, त्यात चार वर्षांत शिकलेलं सगळं वापरायचं. आई म्हणाली ते कळलं, पण शब्दाचा अर्थ काय? तर पुतणी म्हणाली वरचा दगड, भिंतीच्या नाहीतर इमारतीच्या अगदी डोक्यावर शेवटी ठेवतात तो. आई जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "वरना दगड नका काढा रे, मी तवयच सांगेल व्हतं."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्या मळ्यात पणजोबांनी बांधलेली काळ्या दगडाची गोल विहीर आहे, मोटेच्या काळातली, बैलांची धाव आणि मोटेचं पाणी पडायचं थारोळं अजून दिसतं. तिच्या तोंडावर घडीव दगडांचं पूर्ण कडं होतं, लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून पाय सोडायचो न आजोबा ओरडायचे. वीसेक वर्षांपूर्वी घराचा नवीन ओटा करायला काढला तेव्हा त्यातले सात-आठ दगड ट्रॅक्टरवर घालून आणले, कारण आयते घडलेले, सपाट, असा दगड आता विकत कुठे मिळतो. पुढे आणखी काही गेले. मग एका बाजूने विहीर आत फुगायला लागली आणि तीन पावसाळ्यांपूर्वी तिथलं दहाएक फूट बांधकाम रात्रीतून खाली गेलं, सकाळी बघितलं तर मोटर दगडाखाली.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, ह्या दगडाला आपल्याकडे शब्द काय? आणि दोन, खरंच वरचे दगड काढल्यामुळे विहीर गेली का? आईला वाटतं हो. भाऊ म्हणतो जुनी झाली होती, जाणारच होती. मला खरं कारण कळायला हवं, कारण आम्ही ती परत बांधायच्या विचारात आहोत.

केळीवाला_रावेर :
विहिरीचं वाचून वाईट वाटलं भाऊ. आमच्याकडची पण अशीच गेली, आता तिथे बोअर आहे. धागा वाचतोय.

तापीमाई :
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी शाळेत इतिहास शिकवायचे, आता मुक्ताईनगरला असते. शब्दाचं आधी सांगते, कारण इथे लोक नेहमी तीन-चार दगडांची सरमिसळ करतात.

कोनशिला म्हणजे पायाजवळ बसवतात ती, पाटीवर नाव-तारीख असते ती. उत्तरंग म्हणजे दाराच्या चौकटीवरचा आडवा दगड किंवा लाकूड. कमानीच्या मधोमध वर बसतो तो चावीचा दगड, इंग्रजीत त्याला कीस्टोन म्हणतात, कॅपस्टोन नाही. आणि कॅपस्टोन म्हणजे ज्याच्यावर पुढे काहीच ठेवायचं नाही असा सगळ्यात वरचा दगड. मराठीत त्याला एकच शब्द नाही, कारण आपण तो कशाच्या वर आहे ते बघून नाव देतो. देवळाच्या शिखरावर असेल तर आमलक, त्याच्यावर कळस. मंडपाच्या छताच्या मधोमध असेल तर पद्मशिला. थडग्यावर असेल तर पुरातत्त्ववाले आच्छादनशिला म्हणतात. तुमच्या विहिरीच्या दगडाला मी सरळ माथ्याचा दगड म्हणेन.

आमलक हा शब्द आवळ्यावरून आलाय. नागर शैलीच्या शिखरावर पाकळ्या-पाकळ्यांचं जाड चाक दिसतं ना, कापलेल्या आवळ्यासारखं, तेच. पडक्या देवळाच्या आवारात कधी असं दगडी चाक मातीत अर्धं रुतलेलं दिसलं तर समजायचं की इथे शिखर होतं. शिखराचे बाकीचे दगड लोक नेतात, बांधाला वापरतात, पण आमलक गोल, जड आणि कोणाच्या उपयोगाचं नाही म्हणून तिथेच राहतं. त्याच्या व्यासावरून मूळ शिखराच्या मानेची रुंदी कळते, म्हणजे नाहीशा झालेल्या शिखराचा अंदाज खाली पडलेल्या एका दगडावरून बांधता येतो.

आमच्याजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवचं देऊळ आहे. भिंतींचं काम बघाल तर नजर हटत नाही, पण वर शिखर नाही. मी मुलांना सहलीला नेलं की आधी वर बघायला लावायचे, मग विचारायचे काय दिसत नाहीये?

शंका_विचारतो :
ताई, मग ही जुनी हेमाडपंती देवळं म्हणजे बिनचुन्याची, तर वरचा दगड पडत कसा नाही? छताचा म्हणतोय मी. चाळीसगावजवळ वाघळीला जुनं देऊळ बघायला गेलो होतो तेव्हापासून डोक्यात आहे.

तापीमाई :
वाघळीचं नाव काढलंत ते बरं झालं. तिथला शिलालेख शके 991 चा आहे, म्हणजे 1069. अंबरनाथचं देऊळ शके 982, म्हणजे 1060. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांकडे होता तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे ही कामं त्याच्या दोनशे वर्षं आधीची, तरी आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. चालतं म्हणा, बांधायच्या पद्धतीचं नाव म्हणून ते आता रूढच झालंय.

छताचं मात्र अमळनेरच्या सरांनी सांगावं, ते गणितवाले आहेत आणि ह्या विषयावर आमचं पूर्वी बोलणं झालंय.

भूमितीसर_अमळनेर :
सांगतो. घरी चार लांब रजिस्टर घ्या, 12 इंच लांबीचे, सारख्या जाडीचे. टेबलाच्या काठावर एकावर एक ठेवा. आता सगळ्यात वरचं खालच्यापेक्षा 6 इंच पुढे सरकवा, म्हणजे निम्मं. वरची दोन मिळून तिसऱ्यापेक्षा 3 इंच पुढे, वरची तीन मिळून चौथ्यापेक्षा 2 इंच, आणि चारही मिळून टेबलाच्या काठापुढे दीड इंच. बेरीज करा, 6 अधिक 3 अधिक 2 अधिक दीड, साडेबारा. म्हणजे सगळ्यात वरचं रजिस्टर टेबलाच्या पूर्ण बाहेर हवेत आहे आणि गोंद नाही काही नाही. हे अगदी काठावरचं गणित आहे, म्हणून करताना पाच रजिस्टर घ्या, म्हणजे थोडं कमी-कमी सरकवूनही जमतं. माझ्या वर्गात दरवर्षी मुलं हे करतात आणि दरवर्षी कोणीतरी सहावं लावून बघतंच.

देवळाचं छत ह्याच तत्त्वावर आहे. चारी बाजूंनी दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे दगडाचं शेपूट भिंतीत लांब ठेवायचं आणि त्या शेपटावर वरच्या बांधकामाचा भार द्यायचा, म्हणजे पुढचं टोक खाली झुकत नाही. शेवटी मधे छोटं भोक राहतं, ते एका दगडाने बंद केलं की झालं. त्या शेवटच्या दगडावर कमळ कोरतात, ती पद्मशिला. लोकांना वाटतं सगळं छत तिच्यावर टेकलंय, ती काढली की छत पडेल. तसं नाही. ती स्वतः बाजूच्या दगडांवर बसलेली असते. तिचं काम तोंड बंद करायचं.

आता लहान देवळात दुसरी एक युक्ती असते, ती मला फार आवडते. समजा गाभारा 8 फूट बाय 8 फूट आहे. काळा दगड दाबाला पक्का पण ताणाला कच्चा, 8 फुटांची पातळ फरशी आडवी टाकली तर स्वतःच्या वजनाने मधोमध तडकायची भीती. म्हणून चार कोपऱ्यांवर चार तिरपे दगड टाकतात. आत जो चौकोन उरतो तो आडवा फिरलेला, त्याचं क्षेत्रफळ बरोब्बर निम्मं, बाजू सुमारे 5 फूट 8 इंच. पुन्हा त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड टाका, आता उरला 4 फुटांचा चौकोन, पुन्हा सरळ झालेला. त्यावर एक फरशी ठेवली की विषय संपला. दोनदा फिरवलं की आठाचे चार होतात. पुढच्या वेळी जुन्या महादेवाच्या गाभाऱ्यात गेलात तर पिंडीवरून नजर काढून एकदा मान वर करा. हा फिरता चौकोन फार ठिकाणी दिसेल.

साक्रीकर :
सर कमाल. आमच्या साक्री तालुक्यातल्या बळसाण्याच्या जुन्या देवळांत किती वेळा गेलो आणि छताचा फोटो पण आहे माझ्याकडे, पण चौकोन फिरवलाय हे लक्षातच आलं नव्हतं. तिथे आवारात जे कोरीव दगड पडलेत ते बघताना पण आता वेगळं बघेन.

शंका_विचारतो :
सर, एक प्रश्न. तंजावरच्या मोठ्या देवळावर 80 टनांचा एकच दगड आहे आणि तो कित्येक किलोमीटर लांबीचा मातीचा चढ बांधून हत्तींनी वर नेला असं दर महिन्याला व्हॉट्सॲपवर येतं. तो कॅपस्टोनच ना? खरं आहे का ते?

तापीमाई :
हे मी घेते, कारण ह्याने माझ्या विद्यार्थ्यांचं पण फार नुकसान केलंय. 80 टनांच्या अखंड दगडाची गोष्ट लोकप्रिय आहे पण खरी नाही. तो घुमटासारखा भाग बऱ्याच दगडांचे तुकडे जोडून केलेला आहे. आणि खरं सांगू, त्यात कमीपणा काहीच नाही. एवढ्या उंचीवर तुकडे नेऊन असे जुळवायचे की हजार वर्षं लोकांना तो एकच दगड वाटावा, ह्याचं कौतुक मला जास्त वाटतं.

अजून एक. राजराज चोळाचा त्याच देवळातला लेख आहे, त्याच्या कारकिर्दीच्या 25 व्या वर्षी 275 व्या दिवशी त्याने शिखरावर बसवायला तांब्याचा कळस दिला असं त्यात लिहिलंय. साल 1010. म्हणजे बांधणाऱ्यांच्या लेखी शेवटची वस्तू दगड नव्हती, तांब्याचा कळस होता, आणि तो कधी दिला त्याचा दिवस मोजून दगडावर कोरून ठेवलाय.

शब्दाची गंमत बघा. आपल्याकडे नागर पद्धतीत देवळाच्या सगळ्या उंच भागाला शिखर म्हणतात. तमिळ देशात त्या सगळ्या उंच भागाला विमान म्हणतात, आणि शिखर म्हणजे फक्त वरची टोपी. म्हणजे तिकडे शिखर हाच कॅपस्टोनच्या सगळ्यात जवळचा शब्द.

केळीवाला_रावेर :
आमच्या गावात मारुतीच्या देवळाचा कलशारोहण होता मागच्या वर्षी, सप्ताह, भंडारा सगळं. कळस तांब्याचा, आतून पोकळ. माझ्या मुलाने विचारलं पप्पा देऊळ तर कधीच पूर्ण झालंय मग आज काय, तर काय सांगावं कळेना. आता सांगता येईल.

सेऊलकर :
मी मूळचा धुळ्याचा, सध्या कामासाठी कोरियात. आच्छादनशिलेचा विषय निघाला म्हणून लिहितो. इथे गांगह्वा नावाच्या बेटावर, इंचॉन विमानतळापासून फार लांब नाही, एक दगडी थडगं आहे. दोन उभ्या शिळा आणि त्यावर एक आडवी अवाढव्य शिळा, सहा मीटरपेक्षा लांब. लांबून टेबल ठेवल्यासारखं दिसतं. कोरियन लोक अशा थडग्यांना गोइंदोल म्हणतात, म्हणजे टेकू दिलेला दगड. गोचांग, ह्वासुन आणि गांगह्वा ह्या तीन जागा मिळून 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. उत्तरेकडची थडगी अशी टेबलासारखी उंच असतात आणि दक्षिणेकडची बुटकी, चार लहान दगडांवर मोठी शिळा टेकवलेली आणि मृताची जागा जमिनीखाली.

मी तिथे तासभर उभा होतो. मला सारखं वाटत होतं की ह्यात वजनदार तो एकच दगड आहे आणि बाकी सगळं त्याला उचलून धरण्यासाठी. वर चढवला कसा ह्याचा फलक आहे. आधी उभ्या शिळा रोवायच्या, मग त्यांच्या माथ्यापर्यंत मातीचा उतार करायचा, ओंडक्यांवरून मोठी शिळा ओढत आणायची आणि मग माती काढून घ्यायची. माणसं किती लागली असतील विचार करा. सगळं गाव, आणि बाजूचं गाव पण. ते जेवले काय असतील, किती दिवस कामं सोडली असतील. राजवाडा नाही, किल्ला नाही, गेलेल्या एका माणसासाठी.

आपल्याकडे असं काही आहे का? खान्देशात?

तापीमाई :
भारतात आहे, भरपूर. केरळात जांभ्या दगडाची टोपीकल्लू आणि कुडक्कल्लू आहेत, पहिल्याचा अर्थ टोपीदगड आणि दुसऱ्याचा छत्रीदगड. छत्रीदगडात चार तिरपे दगड एकमेकांकडे झुकलेले आणि वर घुमटासारखा घडलेला एकच दगड. बघा, कॅपस्टोनचं शब्दशः भाषांतर तिकडे आधीपासून रुळलेलं आहे. कर्नाटकात हिरेबेनकलला डोंगरमाथ्यावर फरशांची घरंच्या घरं आहेत, चार बाजूंना चार शिळा आणि वर एक, काहींच्या एका बाजूच्या शिळेला गोल भोक.

आपल्या महाराष्ट्रात विदर्भात महापाषाणीय काळातली शिलावर्तुळं आहेत, नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड. शां. भा. देव यांनी त्यातली बरीच उकरली. पण तिथे बहुतेक ठिकाणी वर मोठी शिळा नसते. मोठ्या गोट्यांचं वर्तुळ, आत माती आणि लहान दगडांची भर, खाली अस्थी, लोखंडी हत्यारं, घोड्याचा साज. म्हणजे एकच मोठं झाकण ठेवण्याऐवजी हजारो लहान दगडांचं झाकण.

आणि आपल्या गिरणेकाठी त्याच्याही आधीचे लोक होते, ताम्रपाषाण काळातले. बहाळला उत्खनन झालंय आणि नदीपलीकडे टेकवाड्याला त्यांची दफनं सापडली. त्या काळातली महाराष्ट्रातली एक रीत मला कधीच विसरता येत नाही. इनामगाव, दायमाबादला लहान मूल गेलं की दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. एक रांजण दुसऱ्याचं झाकण. दगड नव्हता, पण वरून माती आत पडू नये ही काळजी तीच.

गिरणाकाठ :
ताई, हे आईला वाचून दाखवलं. रांजणाचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

माझा दुसरा प्रश्न राहिलाच. विहीर कशाने गेली?

टाकीवाला :
मी धुळ्याजवळ दगडाचं बांधकाम करतो, वडिलांपासून. लिहायची सवय नाही, समजून घ्या.

तुमच्या आई बरोबर आहेत आणि भाऊ पण थोडे बरोबर आहेत. जुनी भिंत कशी असते ते आधी बघा. पुढून घडीव दगडाचा थर, मागून ओबडधोबड, आणि मधे भर म्हणजे खडी, कपच्या, माती, चुना असला तर चुना. ही भर कोरडी आहे तोपर्यंत भिंत शंभर वर्षं हलत नाही. वरचा दगड असतो तेव्हा तो दोन्ही थरांवर आडवा बसतो, म्हणजे एक तर दोघांना वरून दाबून धरतो आणि दुसरं म्हणजे भरीत पाणी जाऊ देत नाही. तो काढला की पहिल्या पावसात भरीची माती भिजते, खाली सरकते, खालच्या बाजूला दाटते आणि पुढचा थर पुढे ढकलते. आम्ही म्हणतो भिंतीला पोट आलं. पोट आलेली भिंत बाहेरून मजबूत दिसते आणि एका रात्री जाते. तुम्ही लिहिलंय ना आत फुगायला लागली, ते हेच.

विहिरीत अजून एक गोष्ट आहे. विहिरीच्या तोंडावरचे दगड साधे चौकोनी नसतात. मागून रुंद आणि पुढून अरुंद असे घडलेले असतात, नीट मोजून बघा तुमच्या ओट्यात. सगळे मिळून गोल कडं होतं. मागची काळी माती पावसात फुगते आणि आत ढकलते, तेव्हा हे दगड एकमेकांत अजून घट्ट अडकतात, कारण अरुंद टोक आत आहे. ही कमानच आहे, फक्त उभी नाही, आडवी झोपलेली. कमानीतून चार दगड काढले तर काय होईल? कड्यातून सात-आठ काढले म्हणजे कडं राहिलंच नाही, उरलेले दगड नुसते ठेवलेले.

म्हणून दोन्ही झालं. पाणी शिरलं आणि कडं तुटलं. जुनी होती म्हणून गेली नाही, जुनी होती म्हणून इतकी वर्षं तग धरली.

भूमितीसर_अमळनेर :
टाकीवाला दादा, झोपलेली कमान हे इतकं चांगलं सांगितलंत, मी आता वर्गात हेच सांगणार. आणि कमानीबद्दल एक जोडतो. चावीचा दगड सगळ्यात महत्त्वाचा असं म्हणतात, पण कमानीत एकही दगड काढून चालत नाही, सगळे सारखेच लागतात. चावीचा दगड शेवटी बसतो आणि तो बसेपर्यंत खाली सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, ठेवावं लागतं एवढाच फरक. गोल कड्यात तर चावी कुठली हे सांगताच येत नाही.

गिरणाकाठ :
दादा, ओट्यात मोजले. तुम्ही म्हणालात तसंच आहे. मागून दीड फुटाच्या वर आणि पुढून जेमतेम सव्वा फूट. वीस वर्षं आम्ही त्याच ओट्यावर संध्याकाळी बसतोय आणि सांध्यात सिमेंट भरल्यामुळे निमुळते आहेत हे दिसलंच नाही. भावाला बोलावून टेप लावून दाखवलं. तो काही बोलला नाही, आत जाऊन चहा घेऊन आला, मग म्हणाला ओटा फोडू.

पुतणी :
काकांनी अकाउंट काढून दिलं म्हणून लिहितेय. आमच्या गाईड सरांना हा धागा दाखवला, त्यांना खूप आवडला. मी थोडं शोधलं ते टाकते. इजिप्तच्या पिरॅमिडच्या टोकाला छोट्या पिरॅमिडच्या आकाराचा दगड असायचा, त्याला बेनबेनेत म्हणायचे. तिसऱ्या अमेनेमहेत राजाचा दाहशूरला सापडला, काळा, गुळगुळीत, त्यावर दोन डोळे कोरलेत, सूर्याकडे बघणारे. तो कैरोच्या म्युझियममध्ये आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचं टोक मात्र गेलंय, मूळ उंची 146.6 मीटर होती आणि आता 138 च्या आसपास.

आणि अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाचं टोक ॲल्युमिनियमचं आहे! 6 डिसेंबर 1884 ला बसवलं, वजन फक्त 2.85 किलो. त्या काळात ॲल्युमिनियम चांदीइतकं महाग होतं. ते विजेपासून बचावासाठी पण होतं. त्याच्या खाली संगमरवराचा कॅपस्टोन आहे, तो दीड टनाच्या आसपास.

आजी म्हणते, पाण्यापासून आणि विजेपासून वाचवणारा तो खरा वरचा दगड, बाकी शोभेचे.

शंका_विचारतो :
आजी ग्रेट. 🙏

साक्रीकर :
गिरणाकाठ भाऊ, दगड उचलायला माणसं लागली तर सांगा. साक्रीहून दोघं-तिघं येऊ.

गिरणाकाठ :
येच भो. आता हिशोब सांगतो. घरच्या ओट्यात आठ निघाले. गोठ्याच्या उंबऱ्याला दोन. एक शेजारच्या मळ्यात कपडे धुवायला आहे, त्या काकूंनी लगेच दिला, उलट म्हणाल्या मला माहीत होतं तुमचा आहे म्हणून उलटा घातला नव्हता. बाकीचे एका ठेकेदाराला विकले गेले होते, ते काही मिळणार नाहीत. एकूण पंचवीस लागतील असं मोजमापावरून दिसतंय, विहिरीवर शाबूत आहेत सहा, म्हणजे आठ नवीन घडवावे लागतील.

टाकीवाला दादांना फोन केला होता, त्यांनी आखाजी झाल्यावर यायचं कबूल केलंय, म्हणजे पावसाआधी होईल. दादा, इथेच लिहिता का काय काय तयारी करायची ते, म्हणजे दुसऱ्यांना पण उपयोग होईल.

टाकीवाला :
लिहितो.

पहिलं, विहिरीत पडलेले दगड आधी बाहेर काढा, त्यातले बरेच परत वापरता येतील. उतरताना एकट्याने उतरू नका, आणि पोट आलेल्या बाजूखाली तर कोणीच उभं राहू नका, ती बाजू आधी वरून थर-थर उतरवायची.

दुसरं, चुना आत्ताच भिजवून ठेवा. सिमेंट नको. सिमेंटचा सांधा दगडाच्या जुन्या कामाशी मिळत नाही, आत शिरलेलं पाणी बाहेर येऊ देत नाही.

तिसरं, वजन. काळ्या दगडाचा घनफूट 80 किलोच्या थोडा वर धरा. तुमचा एक दगड तीन फूट लांब, दीड फूट रुंद, पाऊण फूट जाड धरला तर पावणेतीनशे किलो. चार माणसांचं काम नाही, हातापाय जातील. तिपाई आणि चेन पुली मी आणतो.

चौथं, उतार बाहेरच्या बाजूला. दगडाचा माथा मळ्याकडे थोडा उतरता ठेवायचा, विहिरीकडे नाही, नाहीतर गुरांची घाण, खताचं पाणी सगळं आत जाईल. तुमच्या जुन्या दगडांना तो उतार घडवलेलाच असेल, म्हणून बसवताना वरची बाजू कुठली ते बघा. काकूंनी दगड उलटा घातला नाही ते फार चांगलं केलं.

भूमितीसर_अमळनेर :
दादा, खालच्या बाजूला खाच असते ना? पाणी परत भिंतीकडे जाऊ नये म्हणून? मी वाचलं होतं की पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे वाहत येतं.

टाकीवाला :
हो सर, ती सगळ्यात महत्त्वाची न सगळ्यात जास्त विसरली जाणारी. दगड भिंतीच्या बाहेर दोन इंच पुढे काढायचा आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खाली, काठापासून इंचभर आत, अर्धा इंच रुंद खाच मारायची, खोली थोडी कमी चालेल. पाणी काठावरून खाली येतं, पोटाला चिकटून मागे यायला बघतं, खाचेपाशी आलं की पुढे जाता येत नाही आणि थेंब होऊन खाली पडतं. वडील म्हणायचे पाणी तोडायची खाच. गिरणाकाठ भाऊ, ओट्यातला एखादा दगड उलटा करून बघा, जुन्या लोकांनी मारलेली असेल तर बोटाला लागेल, मग नवीन आठ दगडांना तिच्याच मापाने मारू.

गिरणाकाठ :
आत्ता बघून आलो, बॅटरी घेऊन. आहे. मातीने भरली होती, आईने काडीने उकरून काढली. बोटाचं पेर बसेल एवढी.